मोहोर पाहून लावलेली बोली

रत्नागिरी-देवगडकडे आंब्याची बाग खंडाने घेणारा व्यापारी आंबे लागायची वाट पाहत बसत नाही. मोहोर फुटला की तो येतो, कलमांमधून एक फेरी मारतो, दोन-चार फांद्या वाकवून बघतो आणि आकडा सांगतो. पुढचे चार महिने त्या आकड्यात दडलेले असतात. थंडी किती टिकेल, तुडतुडा पडेल का, मार्चमध्ये अवकाळी येईल का, वाशीच्या बाजारात पेटीला काय भाव फुटेल, यातलं कुणालाच नक्की ठाऊक नसतं. बाग मिळते ती सगळ्यांत मोठा आकडा सांगणाऱ्याला, आणि तो बहुधा मोहोराकडे सगळ्यांत जास्त आशेने बघणारा गडी असतो.

ब्रिटनमधल्या प्रवासी गाड्या १९९६ पासून जवळपास पंचवीस वर्षं अशाच पद्धतीने चालवायला दिल्या जात होत्या. बाग एका हंगामाची असते; रेल्वेचा मक्ता सात, दहा, कधी त्याहूनही जास्त वर्षांचा. मक्ता हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. ‘फ्रँचायझी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिझ्झाची दुकानं नाहीतर आयपीएलचे संघ येतात. इथे प्रकार जकातीच्या किंवा तरीच्या मक्त्यासारखा होता. काम सरकारचं, मुदत ठरलेली, रक्कम ठरलेली, आणि वसुली मक्तेदाराने करायची. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अशाच इजाऱ्याने दिल्या जात आणि चढी बोली लावणारे इजारदार ती रक्कम रयतेकडून पिळून काढत. त्या कारभारावर इंग्रज अधिकाऱ्यांनी भरपूर ताशेरे ओढून ठेवले आहेत, हे जाता जाता आठवलं म्हणून सांगितलं.

आधी हे पाहू, की मक्तेदाराच्या हाती नेमकं काय पडायचं. जॉन मेजर यांच्या सरकारने १९९३ मध्ये कायदा करून ब्रिटिश रेल या सरकारी संस्थेचे तुकडे केले. रूळ, सिग्नल, पूल आणि स्थानकं रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे गेली. इंजिनं आणि डबे तीन कंपन्यांना विकले गेले. एंजल, एव्हरशॉल्ट आणि पोर्टरब्रुक. या कंपन्या गाड्या चालवत नाहीत, भाड्याने देतात. राहिलं ते गाड्या प्रत्यक्ष चालवणं. त्याचे देशभर पंचवीस तुकडे पाडले आणि त्यांचा लिलाव सुरू झाला.

म्हणजे मक्ता जिंकणाऱ्या कंपनीच्या मालकीचे रूळ नाहीत, डबे नाहीत, बहुतेक स्थानकंही भाड्याची. कर्मचारी आधीच्या मक्तेदाराकडून कायद्यानेच जसेच्या तसे बदलून यायचे. शनिवारी रात्री एका कंपनीच्या गणवेशात झोपायला गेलेला गार्ड रविवारी सकाळी दुसऱ्या कंपनीच्या गणवेशात त्याच गाडीवर हजर. महत्त्वाच्या तिकिटांचे दर किती वाढवायचे ते सरकार ठरवणार, गाड्या कमीत कमी किती सोडायच्या तेही करारात लिहिलेलं. तरीही डब्यांना नवा रंग मात्र दर मक्त्याला हटकून लागायचा, आणि त्याचा खर्च कुणी ना कुणी भरायचाच.

एवढं सगळं ठरलेलं असताना कंपनीने कसब दाखवायचं कुठे? खर्चाचा मोठा भाग रुळांचं भाडं, डब्यांचं भाडं आणि पगार यांतच जातो, आणि त्याला हात लावला तर गाडीच अडते. साउथ वेस्ट ट्रेन्सचा मक्ता घेतलेल्या स्टेजकोच या स्कॉटलंडमधल्या बसकंपनीने ते करून पाहिलं. पैसे वाचवायला तिने जास्तीचे वाटलेले चालक घरी बसवले, आणि १९९७ च्या सुरुवातीला चालक नाहीत म्हणून रोज गाड्या रद्द करायची वेळ तिच्यावर आली. नफा शंभर रुपयांत दोन-तीन रुपये, एवढाच. शिवाय गाडी उशिरा आली तर कुणामुळे, हे ठरवून रूळवाले आणि गाडीवाले एकमेकांना भरपाई देतात. त्या मिनिटांचा हिशेब ठेवायला दोन्हीकडे माणसं नेमलेली. गाडीवर पक्षी आदळला तर काय, याचाही नियम आहे. हंसाएवढा मोठा असेल तर दोष रूळवाल्यांचा, लहानसा असेल तर गाडीवाल्यांचा. मधल्या मापाच्या तितर-बदकांवर किती कागद खर्ची पडला असेल, याची कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही सरकारी कचेरीत काम केलेल्या माणसाला सहज करता येईल.

आता बोलीकडे वळू. मक्त्याची मुदत संपत आली की सरकार जाहिरात द्यायचं. पहिल्या फेरीत भाव नसायचा, फक्त ऐपत तपासायची. तुमच्या गाठीशी पैसा किती, गाड्या चालवायचा अनुभव काय, सुरक्षिततेचा इतिहास कसा. त्यातून तीन-चार जण निवडले जायचे. रिंगणातली नावं बघितली तर गंमत वाटते. ब्रिटिश बसकंपन्या होत्याच. त्यांच्या जोडीला नेदरलँड्सच्या सरकारी रेल्वेची अबेलिओ, फ्रान्सच्या सरकारी रेल्वेची केओलिस, जर्मनीच्या सरकारी रेल्वेने विकत घेतलेली अरायव्हा. ब्रिटनचं स्वतःचं सरकार सोडून बाकी अनेक सरकारं ब्रिटिश रेल्वेत हात घालून बसली होती.

निवडलेल्यांच्या हाती मग शेकडो पानांची निविदा पडायची आणि तिच्याबरोबर माहितीच्या कोठाराची किल्ली. कुठल्या स्थानकावर किती तिकिटं खपतात, किती लोक उभ्याने जातात, कुणाला किती पगार, कुठला डबा कधी दुरुस्तीला जायचा, सगळं त्यात. कंपनी पुढचे काही महिने चाळीस-पन्नास माणसं भाड्याच्या कचेरीत बसवायची; वेळापत्रकवाले, वकील, हिशेबतपासनीस, अर्थशास्त्रज्ञ. एका बोलीचा खर्च साधारण एक कोटी पौंड, आणि हरलात तर तो पाण्यात.

या सगळ्या खटाटोपातून शेवटी दर वर्षासाठी एक आकडा निघायचा. तोट्यातल्या ग्रामीण मार्गावर तो अनुदानाचा असायचा, म्हणजे ‘मला इतके द्या, मी गाड्या चालवतो’; तिथे कमीत कमी मागणारा जिंकायचा. लंडनमधून सुटणाऱ्या फायद्याच्या मार्गांवर उलटं, ‘मी सरकारला इतके देतो’, आणि जास्तीत जास्त देणारा जिंकायचा. सेवेच्या दर्जाला गुण असत, ते उत्तरार्धात वाढलेही, पण तराजूचं जड पारडं कायम पैशाचंच राहिलं.

वेगवेगळ्या वर्षांचे पैसे एकत्र मोजायचे तर उद्याच्या रुपयाची आजची किंमत काढावी लागते. दहा वर्षांनी मिळणारे १०० रुपये, वर्षाला साडेतीन टक्के वजा धरले, तर आजचे ७१ होतात. सगळ्या वर्षांचे आकडे असे आजच्या किमतीला आणून बेरीज केली की बोलीची एक किंमत मिळते आणि दोन बोली शेजारी ठेवता येतात. हिशेब बिनचूक आहे. फक्त त्यात एक गोष्ट धरलेली असते. दहाव्या वर्षीचे ते १०० रुपये खरोखर येणार आहेत.

आणि खोट तिथेच आहे. रुळांचं भाडं सगळ्यांना सारखं, पगार सारखे, डबे त्याच तीन दुकानांतले. मग चार कंपन्यांच्या बोलींत फरक कशाने पडतो? मुख्यतः उद्या किती माणसं गाडीत बसतील, या अंदाजाने. बोली गाड्या चांगल्या चालवण्यावर लागते असं दिसतं; खरी ती लागते भविष्यावर. चौघांनी प्रामाणिकपणे अंदाज केले, कुणाचा कमी, कुणाचा जास्त, तरी जिंकणार तो सगळ्यांत जास्त अंदाज करणारा, म्हणजे बहुधा सगळ्यांत जास्त चुकलेला. लिलावाचा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ याला विजेत्याचा शाप म्हणतात. देवगडच्या व्यापाऱ्याला हे नाव माहीत नसेल, अनुभव असतो.

लंडनहून यॉर्क, न्यूकॅसल, एडिनबराकडे जाणारा पूर्व किनाऱ्याचा मार्ग हा या शापाचा नमुना म्हणून जपून ठेवावा असा आहे. हा देशातला सर्वांत कमाऊ मार्गांपैकी एक. जीएनईआर ही कंपनी १९९६ पासून तो चालवत होती, आणि प्रवाशांची लाडकीही होती. २००५ मध्ये मक्ता पुन्हा लिलावाला आला तेव्हा हातचा जाऊ नये म्हणून तिने दहा वर्षांत १३० कोटी पौंड द्यायचं कबूल केलं. त्याच वर्षी जुलैत लंडनमध्ये बॉम्बस्फोट झाले, प्रवासी घटले, विजेचे दर चढले, वर पालक कंपनीच दिवाळखोरीत गेली. २००६ च्या डिसेंबरात मक्ता परत. यावरून पुढच्या बोलीवाल्यांनी काय धडा घ्यावा? नॅशनल एक्स्प्रेसने २००७ मध्ये तोच मार्ग सुमारे १४० कोटींना घेतला, आणि तोही कमी वर्षांसाठी. मग आली २००८ ची मंदी. साहेब लोक वरच्या वर्गातून खालच्या वर्गात आले, काहींनी प्रवासच कमी केला.

एक पळवाट इथे उघडी पडली. मक्ता चालवायला प्रत्येक समूह एक वेगळी छोटी कंपनी काढायचा आणि पालक समूहाची जबाबदारी अनामत रक्कम आणि ठरलेलं कर्ज एवढ्यापुरतीच असायची. नॅशनल एक्स्प्रेसने हिशेब केला. चालवत राहिलो तर तोटा मोठा, सोडून दिलं तर ७ कोटी २० लाख पौंड जातील. तिने सोडून दिलं. तेव्हाचे वाहतूकमंत्री अँड्र्यू अडोनिस यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये मार्ग सरकारी कंपनीकडे घेतला. गाड्या चालल्या, प्रवासी खूश राहिले, आणि त्या सरकारी कंपनीने पाचेक वर्षांत तिजोरीत १०० कोटी पौंडांच्या वर भरले. एवढं चांगलं चाललंय म्हटल्यावर सरकारने काय केलं, तर २०१५ मध्ये मार्ग पुन्हा लिलावाने दिला. या वेळी स्टेजकोच आणि व्हर्जिन, बोली २०२३ पर्यंत ३३० कोटी. तीन वर्षांत तीही कोसळली आणि २४ जून २०१८ ला मार्ग परत सरकारकडे. बाग तीच, मोहोर तोच, व्यापारी तिसरा.

सरकारला हे दिसत नव्हतं असं नाही. मधल्या काळात करारात एक उशी घातली गेली. काही वर्षांनंतर उत्पन्न अंदाजाच्या ९८ टक्क्यांखाली गेलं तर तुटीतला निम्मा वाटा सरकार उचलणार, आणखी खाली घसरलं तर त्यापुढच्या तुटीचे ८० टक्के. आणि उत्पन्न १०२ च्या वर गेलं तर जास्तीतले निम्मे सरकारला. हेतू चांगला, परिणाम तिरपा. पडलो तर खाली गादी आहे हे कळल्यावर माणूस वरच्या फांदीवर चढायला घाबरत नाही. अंदाज जितका फुगवलेला, तितकी गादी वर्षानुवर्षं कामी येणार.

मग २०१२ साल उजाडलं, आणि ज्या घटनेने ही सारी पद्धत हास्यास्पद ठरली ती घडली. मार्ग पश्चिम किनाऱ्याचा. लंडनच्या यूस्टनहून बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो. रिचर्ड ब्रॅन्सन यांची व्हर्जिन १९९७ पासून तो चालवत होती, वळणावर कलणाऱ्या लाल गाड्या तिनेच आणल्या होत्या. नवा मक्ता तेरा वर्षं चार महिन्यांचा. चौघे रिंगणात, शेवटी खरी लढत दोघांची. फर्स्टग्रुपची बोली आजच्या किमतीला ५५० कोटी पौंड, व्हर्जिनची ४८० कोटी. १५ ऑगस्टला फर्स्टग्रुप जिंकल्याचं जाहीर झालं.

दोघांच्या बोलींमधला फरक एका ओळीत सांगता येतो. फर्स्टग्रुपने धरलं होतं की उत्पन्न दरवर्षी १०.४ टक्क्यांनी वाढेल, व्हर्जिनने ८.५. दोन टक्क्यांचाही फरक नाही. पण कागद घेऊन चक्रवाढ लावून बघा. आजचे १०० रुपये तेरा वर्षांनी एका हिशेबाने ३६२ होतात, दुसऱ्याने २८९. शिवाय फर्स्टग्रुपने कबूल केलेली मोठी रक्कम शेवटच्या वर्षांमध्ये होती. टीकाकार म्हणाले, सुरुवातीची वर्षं सुखाने कमावतील आणि देण्याची वेळ आली की निघून जातील. पूर्व किनाऱ्याचा इतिहास ताजा होता.

यावर सरकारने तोड काढून ठेवली होती. ज्याची बोली जास्त धाडसी, त्याच्या पालक समूहाने जास्त रक्कम तारण म्हणून बांधून ठेवायची, कर्जाच्या रूपात. सोडून गेला तर ती बुडाली. कल्पना उत्तम. किती धाडसाला किती तारण, हे ठरवायला वाहतूक खात्याने एक गणिती तक्ता वापरला, जो मुळात दुसऱ्याच कामासाठी केलेला होता. बोलीवाल्यांना तो दाखवलाच नाही. तक्त्यातले आकडे महागाई वजा करून काढलेले होते आणि वापरताना ते महागाईसकट समजले गेले, त्यामुळे तारणाची रक्कम प्रत्यक्षात हवी त्याहून बरीच कमी दिसू लागली. त्याच्यावर कडी म्हणजे निवड समितीने तक्त्यातून निघालेले आकडेही बाजूला ठेवले आणि आपल्या मताने रकमा ठरवल्या. फर्स्टग्रुपला १९ कोटी, व्हर्जिनला ४ कोटी. निविदेच्या नियमांत अशी मुभा नव्हती.

ब्रॅन्सन कोर्टात गेले. व्हर्जिनला मार्ग परत द्या म्हणणाऱ्या अर्जावर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या, ब्रॅन्सन यांनी निकाल लागेपर्यंत फुकट गाड्या चालवायची तयारी दाखवली. खातं शेवटपर्यंत ठाम होतं की आमचं काही चुकलेलं नाही. कोर्टासाठी कागद नीट लावायला घेतले आणि चूक सापडली. ३ ऑक्टोबरला, मध्यरात्र नुकतीच उलटली असताना, नवे वाहतूकमंत्री पॅट्रिक मॅकलॉक्लिन यांनी लिलावच रद्द केला. चौघांनाही बोलीचा खर्च परत द्यावा लागला. देशाच्या महालेखापालांच्या हिशेबाने करदात्यांचे किमान ५ कोटी पौंड गेले. खर्चात कपात करायची म्हणून खात्याने अनुभवी माणसं आणि बाहेरचे सल्लागार कमी केले होते, हे चौकशीत पुढे आलं. तक्ता तपासायला एक शहाणा माणूस पगारावर ठेवला असता, तर त्याच्या सात पिढ्यांचा पगार यातून निघाला असता.

यानंतरची वर्षं उताराची. नव्या करारांत देशाचं उत्पन्न घटलं तर त्याचा धक्का सरकार सोसेल अशी कलमं आली, पण अंदाज फुगवायची सवय सुटली नाही. बोलीवाले कमी होत गेले. २०१९ मध्ये कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनातली भविष्यातली तूट भरायची जोखीम घ्यायला स्टेजकोचने नकार दिला आणि तीन लिलावांतून ती बाद झाली. १९९६ च्या पहिल्या दिवसापासून असलेली ही कंपनी त्याच वर्षअखेर ब्रिटनच्या रेल्वेतून बाहेर पडली. मार्च २०२० मध्ये करोनाने स्थानकं ओस पाडली. कुठल्याही तक्त्यात न बसणारी घट होती ती. तिकिटाचे सगळे पैसे आता सरकारकडे आणि कंपन्यांना खर्चाच्या वर जास्तीत जास्त दोन टक्के मेहनताना, अशी व्यवस्था काही दिवसांत झाली. सप्टेंबरात तर मक्त्यांची पद्धत संपल्याचंच जाहीर झालं.

खरं तर दुसरी पद्धत लंडनमध्ये २००७ पासून शेजारीच चालू होती. लंडन ओव्हरग्राउंडच्या गाड्या खाजगी कंपनीच चालवते, पण तिकिटाचा पैसा शहराच्या वाहतूक संस्थेचा. कंपनीला गाड्या चालवण्याचे पैसे मिळतात आणि वक्तशीरपणाप्रमाणे ते कमी-जास्त होतात. प्रवासी किती येतील, हा जुगार तिच्या गळ्यात नाही. मुंबईकरांना हे पटकन समजेल, कारण बेस्टच्या वेट लीज बस साधारण याच तत्त्वावर धावतात. बस आणि चालक कंत्राटदाराचे, तिकीट बेस्टचं, पैसे किलोमीटरवर. त्यातही कटकटी आहेत, त्या मुंबईकरांना वेगळ्या सांगायला नकोत. पण तिथे बोली लागते खर्चावर, आणि स्वतःचा खर्च किती येतो हे निदान कंपनीला माहीत असतं.

आपल्या रेल्वेनेही याच सुमारास हा खेळ मांडून पाहिला. जुलै २०२० मध्ये १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या, बारा गट, ३५ वर्षांचा करार आणि सुमारे ३०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक, अशी घोषणा झाली. त्यातले दोन गट मुंबईचे. गाड्या कंपनीने आणायच्या, चालक आणि गार्ड रेल्वेचे; रेल्वेला गाडी नेण्याचं भाडं आणि विजेचे पैसे द्यायचे, शिवाय उत्पन्नातला वाटा, आणि बोली त्या वाट्यावर. ऐपत तपासायच्या फेरीत १५ कंपन्यांचे १२० अर्ज आले, वर्तमानपत्रांत मोठे मथळे झाले. जुलै २०२१ मध्ये प्रत्यक्ष बोलीची पाकिटं उघडली तेव्हा दोनच नावं निघाली, त्यातलं एक रेल्वेचीच आयआरसीटीसी. काही दिवसांत सारं गुंडाळलं गेलं. रुळांची मालक रेल्वेच, शेजारून धावणाऱ्या स्पर्धक गाड्या तिच्याच, आणि तंटा झाला तर निवाडा करायला स्वतंत्र नियामक नाही, अशा बागेत पस्तीस वर्षांची बोली लावायला व्यापारी बिचकले, तर त्यांना भित्रे म्हणता येणार नाही. नंतर रेल्वेने गाडीच भाड्याने द्यायची साधी योजना काढली. त्या भारत गौरव योजनेतली पहिली खाजगी गाडी १४ जून २०२२ ला कोइमतूरहून निघाली ती साईनगर शिर्डीला. साईबाबांना गर्दी किती होईल, याचा अंदाज बांधायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाहीत.

ब्रिटनमध्ये २०२४ च्या नोव्हेंबरात कायदा झाला की करार संपतील तसे प्रवासी मार्ग सरकारकडे परत घ्यायचे. त्या कायद्याखाली पहिला नंबर लागला साउथ वेस्टर्नचा, म्हणजे स्टेजकोचने १९९६ मध्ये घेतलेल्या त्याच मार्गाचा. ४ फेब्रुवारी १९९६ च्या पहाटे पहिली खाजगी गाडी ट्विकनमहून वॉटर्लूला निघाली होती, ५ वाजून १० मिनिटांनी. तिच्याआधी काही तास, त्याच रात्री वेल्समधल्या फिशगार्डहून दुसऱ्या एका मक्तेदाराची पहिली ‘गाडी’ सुटली होती, पण रुळांचं काम चालू असल्यामुळे ती रेल्वे नव्हतीच. प्रवाशांना बसमध्ये बसवून पाठवलं होतं. आणि २५ मे २०२५ च्या रविवारी, २९ वर्षांनी सरकारी झालेली साउथ वेस्टर्नची पहिली गाडी ५ वाजून ३६ मिनिटांनी वोकिंगहून सुटली. छायाचित्रकार फलाटावर हजर होते. वॉटर्लूपर्यंतच्या वाटेचा काही भाग प्रवाशांना बसने जावं लागलं. रुळांचं काम चालू होतं.